तुमच्या खाटेवरचे कवेलू

मोठे भाऊजी,

भासऱ्यासमोर, नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, धाकल्या सुनेनं तोंड उघडू नये, म्हणून हे लिहून राह्यली. देणार नाही.

घराच्या तुमच्या अर्ध्या भागावर तुम्ही टिनाचं छप्पर टाकलं. ते तापलं का दुपारी आमच्याकडं येऊन खाटेवर लोळता, अन् माझ्या छपरावरच्या मातीच्या कवेलूंकडं बोट दाखवून म्हणता, "हे जुनाट काढा, टिन टाका." किळस येते मले.

मी कवेलूच ठेवणार. फुटलेल्यांच्या जागी तुमचे काढलेले लावून राह्यली. आंगणातल्या त्या ढिगावर तुम्ही रोज सुपारी-तंबाखूचा खर्रा खाऊन थुकत होते. बाकीचे धुतले. तुम्ही लोळता त्या खाटेच्या वरचे तसेच लावले, थुकून लाल झालेली बाजू खाली. उद्या झोपल्या झोपल्या वर पाहा.

डोक्यावरचा पदर सांभाळून,
अनुसया
किरनापूर