भर मे महिन्यात दुप्पट

३ मे, शुक्रवार
दादाशी वाजलं. तेही गिऱ्हाइकांसमोर. म्हणाला, "मोबाइल आता कोनी दुरुस्त करते का? बिघडला का नवा घेतेत. तुह्या टेबलाच्या जागी कव्हर-ग्लासचा रॅक लावतो."
माझं टेबल. मायक्रोस्कोप, सोल्डरिंग, हॉट एअर, सगळं त्याच्यावर. कोहमारा फाट्यावरचा हा गाळा बाबांनी दोघांच्या नावे केलाय, पण हा बोलतो असा की मी भाड्यानं बसते.
मग मीही तोंड सोडलं. हातात जुनी मायनिंग स्टिक होती. गोंदियाच्या भंगारवाल्याकडून पाच आणल्यात. पेनड्राइव्हएवढी असते, यूएसबीत खोचली की बिटकॉइनचे हिशेब करत बसते. म्हटलं, कंपनीनं ठरवलेल्या वेगाच्या दुप्पट पळवून दाखवते हिला. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्याला. आमच्या मायनिंगवाल्या ग्रुपवर पुण्या-नागपूरचे लोक आहेत, त्यांनाही उन्हाळ्यात जमलेलं नाही.
दादा हसला. "एक दिवस न् एक रात, मधात बंद न पडता. मे सरायच्या आत. पळली तं टेबल ऱ्हायते. नाही तं रॅक."
ठरलं. रागाच्या भरात ठरलं, पण ठरलं.

५ मे, रविवार
स्टिक उघडली. चिपला किती व्होल्ट द्यायचे ते एक रेझिस्टर ठरवतो, तांदळाच्या कणीपेक्षा बारीक. तो काढला आणि त्या जागी छोटा पॉट, म्हणजे फिरवता येणारा रेझिस्टर, बसवला. आता स्क्रू फिरवला की व्होल्टेज कमी-जास्त. दोन तास श्वास रोखून काम. टाका असा बसलाय की स्वतःच्याच हाताची दृष्ट काढावी.
व्होल्टेज चढवलं, सॉफ्टवेअरमधून वेग चढवला. दीडपट आरामात. पुढे गेले तर यूएसबी हबच जळाला, धूर निघाला. एवढा करंट त्याला झेपत नाही. स्टिकला वेगळा सप्लाय, जाड वायर. हे आधी सुचायला हवं होतं.
दादा लांबूनच, "भाजी करपली का?"

८ मे, बुधवार
ऊन असं की शटरला हात लावता येत नाही. दीडपटीच्या वर गेलं की स्टिक तापते आणि चुकीची उत्तरं द्यायला लागते. शंभरात एकापेक्षा जास्त चुका झाल्या तर तो वेग मोजायचा नाही, हा ग्रुपचा नियम. माझ्या शंभरात अकरा.
ग्रुपवर नागपूरचे एक काका आहेत, तिथले जुने जाणते. लिहिलं त्यांनी, "ताई, डिसेंबरपर्यंत थांबा. विदर्भातला मे आणि ओव्हरक्लॉकिंग, विषयच सोडा."
डिसेंबरपर्यंत माझ्या टेबलावर कव्हरं लटकत असतील, काका.

९ मे, गुरुवार
गाढवपणा केला. आपल्याकडे मे महिन्यात माणूस, म्हातारं, मूल, कलिंगड, सगळं कूलरसमोर ठेवतात. मीही स्टिक कूलरच्या तोंडाशी ठेवली. तासभर काय पळाली! दुप्पटीला एक बोट कमी. मी मनातल्या मनात नाचले.
जेवून आले तर बंद. कूलरची हवा ओली. सर्किटच्या पाटीभर बारीक दव, चिपच्या पायांमध्ये शॉर्ट, चिप गेली. फोन पाण्यात पडला की लोकांना मीच भाषण देते, आणि मीच...
चार उरल्या. आज कुणाशी बोलायची इच्छा नाही.

१२ मे, रविवार
सापडलं सापडलं सापडलं.
ढाब्यावर चहाला गेले होते. रायपूरकडचा ट्रक उभा, पुढे बंपरला छागल, पाण्याची कॅनव्हास पिशवी, लटकलेली. ड्रायव्हर त्यातलं पाणी पीत होता. मी सहज म्हटलं, एवढ्या उन्हात उकळलं नाही का? तो म्हणाला, "बहनजी, पीके देखो. जितनी लू चलेगी, उतना ठंडा."
प्यायले. दात शिवशिवले.
तिथेच उभी राहिले. कॅनव्हासच्या पिशवीतून पाणी झिरपतं, झळ ते वाळवते, आत गार होतं. म्हणजे मे माझा वैरी नाहीच. जितका तापेल तितका माझ्याच कामाचा. फक्त पाणी एका बाजूला आणि स्टिक दुसऱ्या बाजूला पाहिजे.
ड्रायव्हरकडं जुनी फाटकी छागल होती, मागितली. "इसका क्या करोगी?" म्हटलं, मशीन को पानी पिलाना है. त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मला घरी रोजचीच आहे.

१४ मे, मंगळवार
आईचा पापडाचा चौकोनी अ‍ॅल्युमिनियमचा डबा घेतला. (विचारून नाही.) आत पाणी. तीन बाजूंना छागलीचं कापड, त्याचं टोक डब्यात बुडवलेलं, म्हणजे ते आपोआप ओलं राहतं. चौथी बाजू कोरडी, कडेनं गाडीच्या काचेला लावतात तो काळा सिलिकॉन. त्या कोरड्या बाजूला थर्मल पेस्ट लावून स्टिक पाठीनं चिकटवली. सगळं शटरच्या सावलीत, झळ येते तिथं.
आई आली. "माहा डबा कायले चिंध्याईनं गुंडाळला वो?"
"तापलेल्याले गार करून राहिली, माय."
"मंग दादाच्या डोक्शावर ठेव."
दुपारी दोनला, रस्त्याचं डांबर मऊ पडलेलं असताना, दुप्पट. चुका शंभरात एकापेक्षा कमी. स्टिकला बोट लावलं, नुसती कोमट. मी एकटीच हसत बसले.

१७ मे, शुक्रवार
सकाळी नऊला सुरू. दादानं स्वतःच्या मोबाइलवर वेळ लिहून घेतली. बारापर्यंत फाट्यावर सगळ्यांना कळलं होतं. टायरवाला, रसवंतीवाला, कंडक्टर, सगळे डोकावून जातात आणि एकच विचारतात, "कॉइन निघाला का?" नाही निघणार, बाबांनो. एवढ्याशा स्टिकला कॉइन लागणं म्हणजे लॉटरीच. मला कॉइन नको, टेबल पाहिजे.
तीनला लाइट गेली. दुकानाच्या इन्व्हर्टरवर चाललं. पंखे, दिवे सगळं बंद केलं, नुसती स्टिक आणि लॅपटॉप. पाचला इन्व्हर्टर टीं टीं करायला लागला. लाइनमनला फोन केला तर म्हणे तार तुटली, उशीर होईल. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू.
दादा उठला आणि निघून गेला. मला वाटलं, मजा पाहायची नसेल. अर्ध्या तासात घरचा ट्रॅक्टर घेऊन आला. उन्हाळी धान शेतातल्या बांधीतून आणायचं होतं आज, मजूर थांबलेले. ट्रॅक्टर दुकानासमोर बंद केला, बॅटरी सोडवली, उचलून आत आणली आणि म्हणाला, "लाव."
मी नुसती पाहत राहिले.
"पाह्यतेस काऊन? लाइटीनं हारली तं ते का हारनं झालं? उद्या म्हणशीन, दादा बेइमान."
इन्व्हर्टरला जोड दिली. टीं टीं थांबलं.

१८ मे, शनिवार
लाइट रात्री अकराला आली. आता सकाळचे नऊ वाजले. पळाली. दिवस-रात, दुप्पट वेगानं, एकदाही न थांबता. भर मे महिन्यात. कोहमाऱ्यात. मी. या हातांनी.
रसवंतीवाल्यानं सगळ्यांना रस पाजला. दादानं बॅटरी परत ट्रॅक्टरला लावली आणि धान आणायला गेला. जाताना टेबलावर हात फिरवला, धूळ आहे का पाहावं तसा. तेवढंच मला पेढ्यासारखं लागलं.
ग्रुपवर फोटो टाकले, आकडे टाकले, दादाच्या बॅटरीचा किस्साही टाकला.

२० मे, सोमवार
रॅक आला. दादानं आधीच सांगून ठेवला होता, माझ्या हरण्याची एवढी खात्री. आत जागा नाही. टेप घेऊन दोघांनी गाळा दोनदा मोजला. मी म्हटलं, टेबल हातभर सरकवते. खरंच सरकवलं असतं. वाईट वाटत होतं.
"काही नोको." त्यानं रॅक बाहेर, टिनाखाली लावला. स्वतःचं स्टूलही बाहेर नेलं. ट्रकवाले उतरतात ते थेट त्याच्याच समोर. संध्याकाळपर्यंत कव्हरं बरी खपली. मग मला वाईट वाटायचं थांबलं.

२२ मे, बुधवार
नागपूरच्या काकांचा मेसेज: "फोटोवरून विश्वास बसत नाही, ताई. एवढं बारीक सोल्डरिंग कोण करतं? भाऊ करतात का? त्यांना विचारा, रविवारी येऊन पाहिलं तर चालेल का."
वाचून टाळकंच फिरलं. चार कडक ओळी टाइप केल्या, पुसल्या, परत केल्या. दादानं फोन हातातून घेतला. चष्मा लावला. एका बोटानं बराच वेळ काहीतरी लिहीत बसला, मला दाखवेना. पाठवूनच परत दिला.
"या रविवारी. मी भाऊ. मला वायर सुद्धा सोलता येत नाही. कोहमारा फाट्यावर कोणालाही विचारा, सुनीचं टेबल कुठं आहे."
मी दोनदा वाचलं. मग उगाच मायक्रोस्कोपची काच पुसत बसले, कारण वर पाहिलं असतं तर त्याला माझे डोळे दिसले असते.
बाहेर जाता जाता म्हणाला, "लिहून तं देल्लं. आता रविवारी बंद पडली तं माही इज्जत जाते, समजलं का?"
समजलं. पण सकाळीच मी पॉट आणखी पाव फेरा चढवलाय. दुप्पटीच्या वर. अजून पळते आहे. दादाला सांगितलेलं नाही.