वस्तऱ्याखालची मान

लिहून ठेवणार मी, धंद्याने केशकर्तनकार, वय सत्तरीकडे झुकलेले, या गल्लीत 'चौकशीची खिडकी' या नावाने ओळखला जाणारा, असे जाहीर करतो की माझी बुद्धी शाबूत आहे, हात स्थिर आहे (आज सकाळी स्वतःचीच दाढी केली, कोणाची तक्रार नाही) आणि हे मृत्युपत्र मी स्वखुशीने करत आहे. वकिलांच्या मसुद्यात 'कोणाच्याही दडपणाखाली नसताना' असे शब्द होते. ते मी काढायला लावले. दडपण आहे. फक्त ते हा कागद लिहिण्यासाठी नाही, दुसऱ्याच एका कागदासाठी आहे. त्याची हकीकत पुढे येईल. वकील म्हणाले, मृत्युपत्रात हकिकती घालत नाहीत. मी विचारले, का घालत नाहीत? ते म्हणाले, तशी प्रथा नाही. प्रथा म्हणजे कायदा नव्हे, म्हणून घालतो आहे.

कलम १. माझे दुकान, त्यातील दोन खुर्च्या, आणि दुकानावरच्या दोन खोल्या माझ्या एकुलत्या एका लेकीच्या मालकीच्या व्हाव्यात. तिने दुकान चालवले तर मला आनंद, विकले तरी माझी हरकत नाही. हरकत घ्यायला मी असणार नाही. वरच्या खोलीतल्या मोरीचा नळ आधी डावीकडे फिरवून मग वर उचलावा लागतो. जावईबापूंनी तेथे जोर लावू नये. त्यांनी एकदा लावलेला आहे आणि त्या दिवशी खालच्या दुकानात गिऱ्हाइकांनी पाय वर घेऊन दाढ्या करून घेतल्या. मनाने ते सोन्यासारखे आहेत, एवढेही येथे नमूद करतो.

कलम २. भिंतीवरचा मोठा आरसा माझ्या धाकट्या भावाला द्यावा. तो आमच्या वडिलांचा आहे आणि त्यावर आपला हक्क आहे असे भाऊ सगळीकडे सांगत असतो. मी बाप्तिस्मा घेतल्यापासून त्याने दुकानाचा उंबरा ओलांडलेला नाही. मात्र भावजय नातवंडांना केस कापायला मागच्या दाराने आणते, आणि भाऊ तेव्हा कोपऱ्यावर उभा राहून लक्ष ठेवतो हे मी याच आरशात पाहिले आहे. आरसा अशा कोनात लावलेला आहे की कोपरा त्यात पूर्ण दिसतो. भावाला हे ठाऊक नाही. आता आरसा त्याच्याकडे गेला की कळेलच. रागावू नकोस, बाबा. तू तिथे उभा राहतोस हे बघून मला दर वेळी बरे वाटत आले.

कलम ३. माझ्या देहाविषयी. मला ख्रिस्ती रीतीने मूठमाती द्यावी. हे का, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो.

माझा स्वभाव चौकस. खुर्चीत बसलेल्या माणसाला मी काहीही विचारतो, आणि तोंडाला फेस लावलेला असल्यामुळे तो पळून जाऊ शकत नाही. ख्रिस्ती प्रार्थनाघराचे म्हातारे पाळक माझ्याकडे येऊ लागले तेव्हा माझ्या लक्षात आले की वस्तरा पुढे आणला की ते डोळे मिटतात आणि त्यांचे ओठ हलतात. मला वाटले, भितात. मी म्हटले, हात हलका आहे माझा, घाबरू नका. ते म्हणाले, घाबरत नाही, तुझ्यासाठी प्रार्थना करतो. आयुष्यभर मी लोकांचे गळे हातात धरले होते. त्यातल्या कोणी माझ्यासाठी काही मागितले असेल असे मला कधी वाटले नव्हते. मी विचारले, काय मागता? ते म्हणाले, येऊन बघ. मी बघायला गेलो आणि तेथलाच झालो. अगोदर नुसते कुतूहल होते. येशूने आपल्याला मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली हे ऐकले तेव्हा कुतूहलापलीकडचे काहीतरी झाले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणून ते खोटे ठरत नाही.

आमच्या प्रार्थनाघराला हल्ली वस्तीच्या समितीचे कुलूप आहे. माझ्या वेळी ते तसेच असेल तर उपासना दुकानात करावी. खुर्च्यांची तोंडे आरशाकडून माणसांकडे फिरवावीत. पाळकांनी आटोपशीर बोलावे.

कलम ४. आता तो दुसरा कागद. वस्तीच्या समितीने ठरवले आहे की आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या प्रत्येक घराने सभागृहात येऊन, चारचौघांसमोर, आपण ख्रिस्ती श्रद्धा सोडली अशा मजकुरावर सही करावी. काहींनी केली. पलीकडच्या शिंपीणबाईंनी केली आणि त्यानंतर त्या माझ्याकडे बघत नाहीत. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्या घरात तान्हे मूल आहे, माझ्या घरात फक्त मी. काही जण घर बंद करून निघून गेले. मी सही केली नाही. तेव्हा आधी गिऱ्हाइके तुटली, मग पाणी तुटले, मग दुकानाची काच फुटली. पुढच्या सभेपर्यंत मुदत आहे. त्यानंतर काय, असे मी समितीच्या माणसांना विचारले. मला खरोखरच जाणून घ्यायचे होते. एक जण म्हणाला, गळे कापता येणारा तू एकटाच नाहीस.

लेक रडत आली. म्हणाली, "कागदच आहे ना, बाबा. करा सही. मनात काय आहे ते देवाला कळतंच की." तिचे म्हणणे मी हसण्यावारी नेले नाही. खरेच जमते का हे बघावे म्हणून ती गेल्यावर मी एका कोऱ्या कागदावर तो मजकूर स्वतःच्या हाताने लिहायला बसलो. 'माझा येशूशी' एवढे लिहून झाले आणि हात पुढे जाईना. जबरदस्ती करून पाहिली. मग त्याच कागदात तुरटी गुंडाळून ठेवली. मला भीती वाटते, पोरी. शटर वर करताना रोज वाटते की आज कोणीतरी आत उभे असेल. पण जो माझ्यासाठी मेला त्याला मी ओळखत नाही असे मी म्हणणार नाही, आणि हे लिहिताना माझा हात अजिबात अडलेला नाही.

म्हणून असे जाहीर करतो: मी श्रद्धा सोडली असे सांगणारा, माझ्या सहीचा कोणताही कागद, माझ्या हयातीत किंवा माझ्यामागे कोणीही पुढे आणला, तर तो खोटा समजावा.

कलम ५. माझा शिंगाच्या मुठीचा वस्तरा आणि तो परजण्याचा चामड्याचा पट्टा समितीचे प्रमुख, लाकडाच्या वखारीचे मालक, यांना द्यावा. हे कळल्यावर वकिलांनी माझ्या बुद्धीविषयीचे पहिले वाक्य पुन्हा वाचले. तर त्याचेही कारण लिहितो.

वखारवाले दर शनिवारी माझ्याकडे दाढी करतात. समितीचा ठराव त्यांनीच मांडला, माझ्याकडे जाऊ नका असे लोकांना त्यांनीच सांगितले, आणि शनिवारी वेळेवर येऊन खुर्चीत तेच बसतात. मान मागे टाकतात, डोळे मिटतात. ज्याचे दुकान बुडवायला निघालो त्याच्याच वस्तऱ्याखाली हा माणूस गळा कसा देतो, या प्रश्नाने माझी झोप उडाली होती. समितीच्या धमकीने उडाली नसेल तेवढी.

काच फुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवार होता. फुटक्या काचेला मी पुठ्ठा लावलेला. वखारवाले आले, पुठ्ठ्याकडे न बघता बसले. मी फेस लावला, वस्तरा परजला, आणि जबड्याखाली पहिल्याच हाताला वस्तरा ओढला. रक्ताचा ठिपका आला. इतक्या वर्षांत असे झाले नव्हते. मी तुरटी फिरवली. ते आरशात बघत म्हणाले, "आज पट्टा लवकर थांबला."

मी चकित झालो. ते डोळे मिटून पट्ट्याचा आवाज ऐकत असतील हे माझ्या मनातही आले नव्हते. मग मी खरे ते सांगितले. मी पट्ट्यावर हात मोजून मारत नाही. पाळकांची ती गोष्ट मी उचलली आहे: खुर्चीत जो असेल त्याच्यासाठी वस्तरा परजताना मनात प्रार्थना करायची, आणि ती संपली की पट्टा थांबवायचा. वस्तऱ्याला तेवढे पुरते. त्या दिवशी मला प्रार्थना करता आली नव्हती, म्हणून धार अर्धवट राहिली.

"म्हणजे एरवी माझ्यासाठी करतोस?" त्यांनी विचारले.

"दर शनिवारी."

"काय मागतोस?"

मी सांगितले, तुमचा खोकला जावा, तुमच्या मुलाचे मोडलेले घर पुन्हा उभे राहावे. आज राग होता, काच तुमच्या माणसांनी फोडली. खुर्चीत फेस लावलेला माणूस बसला आहे आणि मी काही विचारले नाही असे कधी झालेले नाही. मी विचारले, "माझ्या गळ्याच्या गोष्टी करता आणि स्वतःचा गळा माझ्या हातात देता. भीती नाही वाटत?"

"तू काही करणार नाहीस."

"कशावरून?"

त्यांनी पुन्हा मान मागे टाकली. मी पट्टा पुन्हा घेतला, या वेळी सगळी प्रार्थना केली, अगदी खोकल्यासकट, आणि उरलेली दाढी पुरी केली. ते उठले, गालावरून हात फिरवला आणि गेले.

त्या 'कशावरून'वर मी पुष्कळ विचार केला. केसाने गळा कापणारी माणसे मी पाहिली आहेत, तशी त्यांनीही पाहिली असतील. माझ्यातल्या ज्या गोष्टीवर विसंबून ते मान टाकतात, तीच गोष्ट मी सहीनिशी सोडून द्यावी असा त्यांचा आग्रह आहे. मी सही केली तर त्यांची दाढी कोण करणार? त्यांना हे कळले आहे की नाही, याचे मला फार कुतूहल आहे. म्हणून वस्तरा त्यांना. हातात आला की आठवेल. तुरटी मात्र लेकीकडे राहू द्यावी, कागदासकट.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकिलांनी करावी. त्यांनी डोक्यावरचे उरलेले केस डावीकडून उजवीकडे ओढून बसवणे आता सोडून द्यावे. हे मी समोर बोलू शकलो नाही.

पुरवणी, त्याच दिवशी, माझ्याच हाताने लिहिलेली.

मृत्युपत्रावर दोन साक्षीदार लागतात. पहिले, शेजारचे घड्याळजी, वेळेवर आले. घड्याळजी वेळेवर आल्याचा हा पहिलाच प्रसंग. दुसरे, समोरचे दुकानदार, येतो म्हणालेले, पण त्यांच्या दुकानाचे शटर भर दुपारी खाली आले तेव्हा आम्ही काय ते समजलो. वकील घड्याळ बघू लागले. आज शनिवार. वखारवाले दारात आले.

मी दाढीची तयारी करू लागलो. त्यांना फळीवरचा कागद दिसला आणि त्यांनी विचारले, हे काय. मी म्हटले, वाचा. ते काय म्हणतात हे मला बघायचे होते. ते उभ्यानेच वाचू लागले. नळाचे वाचून जरा हसले. चौथे कलम वाचायला त्यांना फार वेळ लागला. पाचवे वाचून त्यांनी कागद खाली ठेवला आणि नेहमीसारखे खुर्चीत बसले. मी फेस लावला. पट्टा घेतला. दुकानात पट्ट्याचा तेवढा आवाज. आज मला मागायला बरेच होते, त्यामुळे पट्टा लांबला. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

तोंड पुसून झाल्यावर त्यांनी वकिलांना विचारले, साक्षीदाराला काय करावे लागते. वकील म्हणाले, यांनी तुमच्या समोर सही केली एवढे बघायचे आणि आपली सही करायची. पण तुम्हाला ते चालणार नाही. साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही मिळत नाही, तुमचा वस्तरा जाईल. शिवाय चौथ्या कलमाखाली तुमची सही राहील, आणि उद्या यांनी श्रद्धा सोडल्याचा कागद कोणी पुढे आणला तर पहिल्यांदा तुम्हालाच विचारतील.

वखारवाल्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला परत अडकवलेल्या वस्तऱ्या-पट्ट्याकडे बघितले. मग हात पुढे करून माझ्याकडे लेखणी मागितली.

"सही तुझी आहे एवढंच मी म्हणतोय," ते म्हणाले. "मजकूर मला मान्य नाही. सभा आहे तेव्हाच आहे."

मी विचारले, "मग का करता?"

"तू फार विचारतोस," ते म्हणाले.

सबब कलम ५ मधील वस्तरा व पट्टा आता कोणालाही दिलेला नाही. तो खिळ्यालाच राहावा. ज्याला दाढी करायची आहे त्याने दर शनिवारी येथेच यावे. मी असेपर्यंत मी करीन.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझा आहे, आणि त्याखाली मी दोघांसमोर सही केली.

स्थळ: माझे दुकान, पुठ्ठा लावलेल्या काचेजवळ.
दिनांक: सभेच्या आधीचा शनिवार, संध्याकाळ.

लिहून ठेवणार: केशकर्तनकार, ऊर्फ चौकशीची खिडकी (सही)

साक्षीदार पहिले: घड्याळजी (सही)

साक्षीदार दुसरे: वखारवाले (सही), वस्तऱ्यावरचा हक्क सोडून