आत जाण्याआधीची टकटक

अण्णा,

घरात उंदीर आहेत. शिरलेले नाहीत, मी आणलेत. दोन आहेत, दोघी माद्या, आणि त्यांचा पिंजरा बरोबर तिथे आहे जिथे तुमचा दुसरा माग होता. त्या मागाच्या पायांचे फरशीवरचे चौकोन अजून दिसतात. पिंजऱ्याचं टेबल मी त्या चौकोनांवरच बसवलं, कारण कारखान्यात तेवढीच जागा सपाट आहे. आम्ही त्या खोलीला अजून कारखानाच म्हणतो. आता तिथे माझं टेबल, संगणक, कूलर आणि भिंतीवर एक तापमापक आहे. पत्र्याखाली खरी गरमी किती होते ते मला आता आकड्यात कळतं. तुम्ही तिथे उन्हाळेच्या उन्हाळे कसे काढलेत ते मात्र आकड्यावरून कळत नाही.

दवाखान्यांतली आणि कारखान्यांतली मोजायची यंत्रं बरोबर मोजतात की नाही, हे तपासणं माझं काम. त्यासाठी पुण्याला जाणं होतं. तिथे ओळखीची एक मुलगी परदेशी निघाली होती आणि तिच्याकडच्या या दोघींना घर हवं होतं. एक तपकिरी आहे, एक राखाडी. तिने अट घातली की दोघींना वेगळं करायचं नाही, एकटा उंदीर झुरतो. दुसरी अट, रुळल्या नाहीत तर कुठेही सोडून न देता परत तिच्याकडे आणायच्या. परदेशी जायच्या आधी ती त्यांची दुसरी सोय लावेल. मी हो म्हणाले. का म्हणाले, ते मला नीट सांगता येणार नाही. एसटीत खोका मांडीवर धरून बसले होते. मोहोळच्या अलीकडे कंडक्टर वाकून म्हणाला, "ससं हायती का ओ ताई?" मी हो म्हणाले. त्याने भोकातून पुन्हा पाहिलं. "सशाला एवढी शेपटी नसती की." तिकिटाचे राहिलेले सुटे पैसे देताना त्याने माझ्याकडे जरा दुरूनच हात केला, आणि सोलापूर येईपर्यंत माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. मला ते गैरसोयीचं वाटलं नाही.

आईचं मात्र तसं नव्हतं. तिने खोक्यात पाहिलं आणि पदर नाकाला लावला. "तुझ्या अण्णांचा जल्म गेला ह्यांच्यापासनं सूत वाचवण्यात, आन् तू यष्टीत घालून आणलीस व्हय? पैसं देऊन?" पैसे दिलेले नाहीत, दत्तक घेतल्यात, असं मी सांगितलं. दत्तक हा शब्द ऐकून ती जे हसली, ते हसू मी बऱ्याच वर्षांनी ऐकलं, पण त्यात माझ्या बाजूचं काही नव्हतं. मग म्हणाली, "गणपतीपातुर बघते. घरात देव यायच्या आत ही पावनी गेली पायजेत." त्या दिवसापासून ती त्यांना पाहुणी म्हणते. सकाळी कारखान्याच्या दाराबाहेरून विचारते, "उठली का तुझी पावनी?" आत मात्र येत नाही. माग भंगारात गेले त्या दिवसापासून ती त्या खोलीचा उंबरा ओलांडत नाही, हे तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. झाडायचं असेल तर झाडू दारातूनच लांब करते.

तुमच्या वेळचे उंदीर मला आठवतात. ते काळपट, मोठे, घाईत असायचे. सुताच्या कांड्या कुरतडायचे, बीमच्या रुळावर ताणलेल्या धाग्यांतून वाट काढायचे, आणि रात्रीतून मागाच्या पोटात सुताच्या कचऱ्याचं घरटं करायचे. म्हणून सकाळी तुम्ही एकदम बटण दाबत नव्हता. मी शाळेच्या गणवेशात दारात उभी आहे, आई वेणी घालते आहे, तुम्ही लाकडी धोटा हातात घेऊन मागाच्या लोखंडावर टक, टक वाजवता आणि थांबता. कधी खालून काहीतरी सर्रकन भिंतीकडे जातं, कधी काहीच नाही. मग माग सुरू होतो आणि त्यानंतर दिवसभर आपल्या घरात कुणीही हळू बोलत नाही. शेजारच्या कारखान्यांत अशी टकटक नव्हती. तिथले लोक तुम्हाला विचारायचे, "अण्णा, उंदरास्नी भोंगा देताय का?" तुम्ही म्हणायचात, "चादरीला रगात लागलं तर तुमी घ्याल का ती?" हे कारण मला पटण्यासारखं होतं. मी ते कारणच धरून मोठी झाले.

आणि एक दिवस तुमच्या पिंजऱ्यात मोठा उंदीर सापडला होता. तुम्ही पकडलेले उंदीर मारत नव्हता, सायकलला पिंजरा अडकवून रेल्वे रुळांपलीकडच्या मोकळ्या रानात सोडून यायचात. त्या दिवशी मी बरोबर यायचा हट्ट केला. रानात पोचल्यावर तुम्ही दार वर उचललं तरी तो बाहेर येईना. मी दाराच्या अगदी समोर उकिडवी बसून त्याला बोलावत होते. तुम्ही मला दंडाला धरून बाजूला केलंत, जरा जोरातच. "त्याची वाट अडवून त्याला ये म्हनतीस? आधी वाट सोड. मग बग." आपण लांब जाऊन बसलो. तुम्ही खिशातले शेंगदाणे काढलेत, निम्मे मला दिलेत. उंदीर कधी गेला ते आपल्याला दिसलंसुद्धा नाही. पिंजरा रिकामा होता, एवढंच. मला तेव्हा फार राग आला होता, की एवढ्या लांब येऊन पाहायचं ते राहिलं.

तपकिरी पहिल्याच आठवड्यात रुळली. माझ्या बाहीत शिरते, खांद्यावरून कानात मिशा घालते, पेनाचं टोपण पळवते. राखाडी मात्र खोक्यातून निघाली ती पिंजऱ्याच्या कोपऱ्यातल्या मडक्यात गेली आणि मडक्यातच राहिली. मी वाचायचं ते सगळं वाचलं होतं. पिंजरा भिंतीला लागून ठेवायचा, पंख्याचा झोत नको, लपायला जागा हवी, माझ्या वासाची सवय व्हावी म्हणून माझं जुनं कापड आत टाकायचं. शेवटच्या गोष्टीत माझी चूक झाली. कपाटात आपल्याकडचा जुना टॉवेल होता, चांगला जाड, गुबगुबीत. मी त्याचा झोपाळा करून टांगला. संध्याकाळी किंचाळण्याचा आवाज आला. राखाडीच्या मागच्या पायाचं नख टॉवेलच्या दोऱ्याच्या फाशात अडकलं होतं आणि ती उलटी लोंबकळत होती. मी कात्रीने दोरा कापला. पायाला फारसं झालं नव्हतं, पण त्यानंतर ती मडक्यातून बाहेर येईना. तपकिरी तोंडात दाणा धरून आत न्यायची, तेवढंच तिच्या पोटात जायचं. मी तिला मडक्यासकट तोलत होते. काटा मी स्वतः तपासलेला आहे, तो खोटं बोलत नाही. वजन उतरत होतं.

किंचाळणं ऐकून आई उंबऱ्यापर्यंत आली होती. मी झालं ते सांगितलं. "टावेल?" ती म्हणाली. "जलमभर चादरी विणल्या त्या मानसाची पोर तू, तुला टावेलाचं फासं दिसलं न्हाईत व्हय? लोकं सोलापुरी टावेल बाळाच्या अंगठीत अडकला म्हणून बोंबलत्यात." मग घरात परत गेली, आणि थोड्या वेळाने उंबऱ्यावर चादरीचा एक तुकडा ठेवून गेली. गच्च विणीचा, लाल काठाचा. तुम्ही शेवटच्या बीमवर विणलेल्या चादरीचा. ती चादर आई कुणाला पांघरू देत नाही, धुऊन पुन्हा ट्रंकेत ठेवते. तिने तिला कात्री लावली होती. तो तुकडा मी मडक्याशेजारी अंथरला. त्यानंतर रोज झाडू दारातून लांब करताना ती विचारू लागली, "करड्या पावनीनं खाल्लं का?"

गणपती जवळ आले. मी पुण्याला फोन करून ठेवला की बहुधा परत आणाव्या लागतील. त्यानंतर एका सकाळी मी पिंजऱ्यासमोर बसले होते. दार उघडं, तळहातावर शेंगदाणा, चेहरा दाराला लावलेला. आणि मला दिसलं की मी दाराच्या अगदी समोर बसलेय. मी खुर्ची मागे घेतली. हात काढला. दाणा दारात ठेवला. हातात पेन्सिल होती, ती पिंजऱ्याच्या गजावर वाजली, टक, टक. हे मी ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती, तो आवाज बंद पडला. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, म्हणजे ती बराच वेळ तशीच उभी असणार. राखाडी त्या दिवशी आली नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वाजवलं, लांब बसले, आणि मडक्याच्या तोंडाशी नाक दिसलं. मग पुढचे पाय. असं होत होत देव यायच्या आदल्या दिवशी तिने दारातला दाणा उचलला आणि तो मडक्यात न नेता दारातच बसून, दोन हातांत धरून खाल्ला. मी आईला हाक मारली नाही. वजन लिहिलं नाही. नुसतं पाहत बसले.

गणपती बसले आणि पाहुण्यांचा विषय कुणी काढला नाही. दुसरा दिवस आपल्याकडे उंदराचा. मागवाल्या घरांतून त्या दिवशी मटण शिजायचं आणि मागाखाली नैवेद्य ठेवून उंदराला सांगायचे, बाबा रे, वर्षभर सूत खाऊ नको. आपण शाकाहारी, म्हणून तुम्ही आदल्या दिवशीचा मोदक ठेवायचात आणि म्हणायचात, "आपला उंदीर बी आपल्यासारखाच, काय मिळंल ते गोड मानून घेतोय." माग गेले आणि तो नैवेद्यही गेला. या वर्षी दुपारी आई ताटली घेऊन उंबऱ्याशी आली. मी उठून ताटली घ्यायला गेले. तिने दिली नाही. मला हाताने बाजूला सारलं आणि आत आली. भिंतींकडे पाहिलं नाही. थेट पिंजऱ्यापाशी गेली, ताटली ठेवली, बांगडीने गजावर टक, टक वाजवलं आणि थांबली. मग एकदम हळू म्हणाली, "येऊ का आत, बाबांनो?"

मी तिच्याकडे पाहिलं. "तू नुसतंच वाजवतीस," ती म्हणाली. "ते थांबायचे तवा असं म्हनायचे. मी च्या घिऊन यायची ना, मला ऐकू यायचं." राखाडी मडक्यातून बाहेर आली आणि आईच्या बांगडीचा वास घेतला. आईने हात काढला नाही. मोदक त्यांना चांगला नाही, एवढी साखर चालत नाही. मी नखाएवढा तुकडा दिला आणि उरलेला आम्ही दोघींनी तिथेच, मागाच्या चौकोनांवर बसून खाल्ला. नंतर पुण्याला कळवलं की आणत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते. घरभर माणसं होती, ज्याला त्याला मला जवळ घ्यायचं होतं आणि माझ्याकडून काहीतरी ऐकायचं होतं. मी कारखान्यात जाऊन मागाखाली बसले. तिथे आई आली होती. दारातच थांबली, कडीवर बोटाने वाजवलं, मी काही बोलले नाही तशी परत गेली, दार उघडं ठेवून. त्याला पंधरा वर्षं होत आली. तेव्हा ती काय करत होती ते मला आत्ता कळतंय.

त्या दोघींना घरटं करायला कागद लागतो, आणि शाईचा चालत नाही. म्हणून हे पेन्सिलने लिहायला घेतलं, की लिहून झालं की फाडून पट्ट्या करून पिंजऱ्यात टाकता येईल. हाच बेत होता. राखाडी आत्ता दारात बसून दातावर दात घासते आहे. खूश असल्या की त्या असा बारीक आवाज करतात, चार गल्ल्या पलीकडे माग चालू असावा तसा. पट्ट्या कधी मिळतात याचीच वाट पाहत असेल. आज तिला पेपर नॅपकिन देते. हे पत्र टेबलाच्या खणात ठेवते आहे.