न झोंबलेली दाढी

नेहाताई,

मी नोकरी सोडली. हे वाक्य तू वाचलं नाहीस. पप्पांनी विचारलं तर मी फर्स्ट शिफ्टला चाकणला गेलोय.

कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये मास्क घट्ट बसावा म्हणून रोज दाढी करावी लागते आणि माझ्या गालांवर पुरळ उठतं. नोकरी सोडायला पप्पांना पटेल असं तेवढं एकच कारण होतं. काल त्यांनी स्वतःचा जुना स्टीलचा रेझर काढला, ब्रशने फेस केला आणि म्हणाले, "दाबू नको रे, त्याच्या वजनानं चालू दे." अजिबात झोंबलं नाही. पप्पा इतके खूश झाले, की मी रिटायर होईपर्यंत पुरतील एवढी ब्लेडं घेऊन आले.

मोरीतला ब्रश दाढीचा आहे, त्याने चपला घासू नकोस.

तरी माझ्या गालांवर पूर्ववत पुरळ उठण्यास तात्काळ मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.

संघर्ष