डाव्या स्कीची फट

ईस्ट कॉरिंडन, व्हरमाँट
१९ फेब्रुवारी २०१९

प्रिय जिनेट,

तू, हेन्री आणि तुमची ती फ्लोरिडातली बाग खुशाल आहात असं धरून चालते. इथे पारा शून्याखाली बारा आहे, दारासमोरचा बर्फ सकाळपासून दोनदा उपसलाय, आणि आई ठणठणीत आहे. इतकी ठणठणीत की माझं डोकं दुखतंय. फोन केला नाही, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. पत्र तरी शेवटपर्यंत वाचशील.

तर ती स्की. नाताळात आई, या वयात, टेकडीवरून स्की करताना दगडाला आपटली. तिला खरचटलंसुद्धा नाही, पण डाव्या स्कीचं मागचं टोक उकललं. वरचा थर आणि आतलं लाकूड यांच्यात करंगळी जाईल एवढी फट. मी म्हटलं, नवी जोडी घेऊ.

"नवी तू घाल," आई म्हणाली. "माझी चिकटव. लोकांच्या होड्या चिकटवतेस ना?"

मग काय, गराजमध्ये हीटर लावला, फट पुसली, मेणकागद कापला, फट आवळून धरायचे क्लॅम्प आधी कोरडेच लावून पाहिले. आई उलट्या बादलीवर बसून देखरेख करत होती.

"क्लॅम्प तिरका लागलाय."

"आई, काम कोण करतंय?"

"तूच करतेयस. दिसतंय मला."

असा सगळा वैताग. तिला सूप ढवळायला आत पाठवलं, तेव्हा कुठे मला इपॉक्सीचा गोंद कालवता आला.

तिला मुद्दाम आत पाठवलं होतं. हे मघापासून टाळतेय, आता लिहूनच टाकते. जानेवारीत तू फोनवर म्हणालीस, "ती स्की दुरुस्तच होता कामा नये, बर्नी. काहीतरी कर." आणि मी केलं. दोन भाग रेझिनला, ते घट्ट व्हायला, एक भाग हार्डनर लागतं. मी त्याच्या निम्मंही घातलं नाही. ते चिकट राहणार, कधीच घट्ट होणार नाही. मग मी तोंड पाडून सांगणार, लाकूडच गेलंय गं आई, आता टाकून दे. ती रडणार, मी तिला गरम चहा देणार. सगळं ठरवलं होतं.

मध्येच होड्यांच्या दुकानानं मला दोन दिवस बर्लिंग्टनला धाडलं. "मी येईपर्यंत हात लावू नकोस," असं बजावून गेले. आपल्या आईला!

तिनं स्वतःच क्लॅम्प काढले. वरून सगळं गुळगुळीत, चकचकीत दिसत होतं. स्की खांद्यावर टाकून ती टेकडीवर गेली. स्कीवाल्यांना वर ओढून नेणाऱ्या दोराशी वॉल्ट कामाला असतो, त्यानं मला नंतर सांगितलं. तिचा नंबर आला, दोर हातात धरला, आणि तिनं सहज डाव्या स्कीची टाच आपटली. आवाज बरोबर आला नाही. तिनं वाकून, हातमोजा काढून फटीवर नख दाबलं. नख आत रुतलं.

जिनेट, ती वर गेली असती तर उतारावर वेगात स्की उकलली असती. आई पडू नये म्हणून आपण दोघी तिला पाडायलाच निघालो होतो.

मी परत आले तेव्हा स्की स्वयंपाकघरातल्या टेबलावर होती. आईनं सूप वाढलं. अर्धा वाडगा संपल्यावर म्हणाली, "हार्डनर कमी घातलंस."

"गराजमध्ये थंडी होती, म्हणून—"

"थंडीत उशिरा वाळतं. हे वाळणारच नव्हतं. बावीस वर्षं होड्या करतेस, एक तरी गळली का?"

मी लगेच तुझं नाव सांगितलं. एक क्षणही थांबले नाही. माफ कर.

"ती काय फ्लोरिडाहून तुझा हात धरायला आली होती?" आई म्हणाली. मग चमचा खाली ठेवला. "मला थांबवायचं होतं तर तोंडानं सांगायचं. मी उभी राहते ती लाकडावर, बर्नी. त्यात खोटं कशाला भरलंस?"

दुसऱ्या दिवशी तो चिकट लगदा खरवडायला मला चार तास लागले. स्पिरिटनं पुसलं, सुकवलं, या खेपेला काट्यावर तोलून कालवलं. आई शेजारी बसून काट्यावरचा प्रत्येक आकडा स्वतः तपासत होती. त्यापेक्षा तिची कटकट परवडली असती. आज क्लॅम्प काढले. स्कीची टाच आपटली तर खणखणीत आवाज येतो.

मग म्हटलं, "आई, जाऊ नकोस. मला भीती वाटते."

तिनं माझं नीट ऐकून घेतलं, माझ्या गालाला हात लावला. म्हणाली, "हे नाताळात बोलली असतीस, तर कदाचित ऐकलं असतं. आता मला जाऊन बघायचंय, स्कीवर भरवसा ठेवता येतो का. तुझ्यावरही."

शनिवारी दहाला टेकडीवर निघायचंय. मी तिच्या मागे असेन. तुला तिला थांबवायचं असेल तर त्याआधी फोन कर, पण तिला. मला करू नकोस. तुझ्या वतीनं मी आता काहीही कालवणार नाही.

तुझी, आणि अजून तिच्या नजरेला नजर न देऊ शकणारी,
बर्नी