अकरा पालथे डबे

प्रिय सूनबाई,

पत्राची सुरुवात अशीच करतात म्हणून प्रिय लिहिलं आहे, लगेच शेफारून जाऊ नकोस. हे पत्र मी माझ्या हाताने लिहिते आहे. दुसरीत शाळा सुटली, त्यानंतर सहीपलीकडे काही लिहिलं नाही, तेव्हा अक्षराला हसायचं नाही. रोज थोडं थोडं लिहिते. दुपारी सगळे बाहेर गेले की बसते, दहा-बारा ओळी झाल्या की बोटं आखडतात. वकीलबाईला सांगितलं असतं तर तिने अर्ध्या तासात लिहून दिलं असतं. का नाही सांगितलं ते पुढे कळेल. तुझ्या लेकीचं हे नाव आता गल्लीभर झालं आहे. दहा वर्षांची पोर, पण प्रत्येक गोष्टीत कलम काढते. परवा म्हटलं, लवकर झोप, तर लवकर म्हणजे किती वाजता ते आधी ठरवा म्हणाली.

तुझं पत्र पोचलं. तिने ते मोठ्याने दोनदा वाचलं. तुझ्या नवऱ्याने तिसऱ्यांदा वाचायला लावलं आणि स्वतः आमच्याकडे पाठ करून नळ दुरुस्त करत उभा राहिला. नळ अजून गळतोच आहे. गॅरेजात लोकांच्या बसगाड्या उभ्या करतो, घरचा नळ मात्र याला ऐकत नाही. चहा म्हणून सकाळी जे पुढे ठेवतो ते भांडी विसळलेलं पाणी असावं, पण मी गप पिते, कारण नाव ठेवलं तर उद्यापासून मलाच करावा लागेल. गुडघा आहे तसाच आहे. शेजारची शिंपीण रोज येऊन, सून नाही तर हाल होत असतील ना, असं विचारते. मी सांगते, हाल होतात ते तुझ्या प्रश्नांनी.

तू निघालीस तो दिवस मला चांगला आठवतो. मी तुला चार शब्द वाईट बोलले होते. सणाच्या तोंडावर घर टाकून कोर्सला निघालेली बाई पहिल्यांदाच बघते आहे, म्हणाले. दवाखान्यातल्या चादरी धुऊन चार पैसे येत होते तेही बंद, आता एका पगारात सण कसा करायचा, म्हणाले. तू सणाच्या पंधरा दिवसांच्या किराण्याच्या पैशांचं पाकीट माझ्या हातात ठेवलंस आणि म्हणालीस, "आई, यात भागलं तर मी कोर्स पुरा करते. नाही भागलं तर परत येते. तुम्हाला उपाशी ठेवून मला नर्स व्हायचं नाही." तुझा नवरा तेव्हाही नळाकडे बघत होता. म्हणजे नऊ महिने तू तिकडे राहायचं की चादरी धुवायला परत यायचं, हे त्या पाकिटावर ठरणार होतं, आणि पाकीट माझ्या हातात.

शिवाय जाताना तू ती डब्यांची सोय करून गेलीस. मला यादी धड वाचता येत नाही आणि ते कबूल करायची लाज वाटते, हे तुला कधीपासून माहीत होतं कोण जाणे. मला न दुखवता तू खिडकीत अकरा छोटे रिकामे डबे मांडलेस. प्रत्येकावर नवऱ्याकडून खिळ्याने चित्र कोरून घेतलंस, तांदळाचा दाणा, तेलाचा थेंब, बदाम. डबा सरळ असला तर तो जिन्नस आणायचा, पालथा असला तर सण संपेपर्यंत त्याचं नाव काढायचं नाही. माप दुकानदाराला सांगून ठेवलंस. मी फक्त डबे फिरवायचे, वकीलबाईने बघून सामान आणायचं. एवढं डोकं चादरी धुण्यात वाया चाललं होतं, हे मी तेव्हा तोंडाने म्हटलं नाही.

पहिला आठवडा मी डोळ्यांत तेल घालून काढला. लोणी पालथं, बदाम पालथे. साखर एकदाच सरळ केली. तांदूळ धुतलेलं पाणी आमटीत घातलं, भोपळ्याची सालं परतून दिली. तुझ्या नवऱ्याला काय खातोय ते कळलंही नाही, त्याने पुन्हा वाढून घेतलं. आठव्या दिवशी पाकीट उघडलं तर निम्म्याहून जास्त शिल्लक.

मग तो गुरुवार आला. दुकान दुसऱ्या दिवसापासून चार दिवस बंद राहणार होतं, आणि शुक्रवारी सकाळी तुझी नणंद, जावईबापू आणि त्यांची तीन पोरं तीन दिवसांसाठी येणार होती. म्हणजे राहिलेली सगळी खरेदी त्याच दुपारी. मी शिंपिणीकडे हुक लावत बसले होते. अंधार पडायला घरी आले तर ओटा रिकामा. सामान कुठे म्हणून विचारलं, तर वकीलबाईने पाकीट जसंच्या तसं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "आजी, एकही डबा सरळ नव्हता."

मी खिडकीकडे बघितलं. अकराच्या अकरा पालथे, ओळीत, परेडला उभे केल्यासारखे. दुकानाचं शटर तोवर खाली आलं होतं.

पुढचे तीन दिवस मी कसे काढले ते मला माहीत. घरातल्या मोठ्या डब्यांच्या तळाशी तीन तऱ्हेच्या मूठ-मूठ डाळी होत्या, त्या एकत्र शिजवल्या. पाव शिळा झाला होता, तो भाजून चुरला आणि वरून कांदा. बटाट्यांना कोंब आले होते ते काढून टाकले. तांदूळ दोन वाट्या होते, ते रतिबाच्या भरपूर दुधात शिजवले, आणि कपाटाच्या मागे तू कधीतरी लपवलेल्या मनुका सापडल्या त्या टाकल्या. पोरं चमच्यासाठी भांडली. जावईबापू, जे आपल्याकडे मिठापासून खोट काढतात, त्यांनी ताट पुसून खाल्लं आणि त्या डाळीचं नाव विचारलं. मी म्हटलं, हिला नाव नसतं, ही ठरवून होत नाही. रविवारी मंडळी गेली. पाकीट गुरुवारी होतं तेवढंच.

तुझ्या नवऱ्याने लगेच तुला फोन करून आईची करामत सांगितली. आई म्हणजे काय, म्हणे, शेवटच्या दिवशी सगळेच डबे पालथे केले आणि पाहुण्यांना कळूही दिलं नाही. गॅरेजातही सांगून आला. शिंपीण माझ्याकडून काटकसर शिकायला येते, वही घेऊन. आणि मग तुझं पत्र आलं. त्यात तू लिहिलंस, आई, तुमच्यामुळे माझा कोर्स वाचला, मला माझी आई असती तर तिनेही इतकं केलं नसतं. पोरीने ते दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं, आणि तीनही वेळा मी नळ गळतोय म्हणून ओरडले.

तेव्हा आता ऐक. ते डबे मी पालथे केले नव्हते. गुरुवारी सकाळी मी अकराच्या अकरा डबे माझ्या हाताने सरळ केले होते, बदाम, लोणी सगळं. पाकीट रिकामं होऊन वर उधारी झाली असती, आणि तुला शब्दाप्रमाणे परत यावं लागलं असतं. म्हणून तर मी शिंपिणीकडे जाऊन बसले, पोरीने काही विचारायला नको म्हणून. पैसे पुरत नव्हते म्हणून नव्हे गं. पुरणार असं दिसायला लागलं म्हणून. या घरात मी बोलते आणि भांडायला समोर कोणी नाही. नवरा तुझा हो आई म्हणतो, पोर कलम काढते. पीठ मळता मळता, आवाज न चढवता तू जसं भांडायचीस तसं कोणाला जमत नाही. पण झालं असं की तुझ्या नवऱ्याला सणाची साफसफाई आठवली. डबे तेलकट झालेत म्हणून त्याने दुपारी गॅरेजातून लवकर येऊन घासले आणि निथळायला पालथे घातले, ते ओलं फडकं मी रात्री बघितलं. त्याला वाटतं, मागाहून मी येऊन डबे मुद्दाम तसेच ठेवले; खरं त्याला अजून माहीत नाही, आणि तू सांगायचं नाहीस, नाहीतर तो स्वतःला हुशार समजेल. तुझा कोर्स माझ्यामुळे वाचला नाही, त्याच्या फडक्यामुळे वाचला. तुझं ते वाक्य मला पचत नाही म्हणून हे पत्र, आणि म्हणून पोरीकडून लिहून घेतलं नाही. उरलेलं पाकीट मी खळ लावून बंद केलं आहे आणि वकीलबाईच्या ताब्यात दिलं आहे. तिच्याकडून मलाही मिळणार नाही, तिने तशी अटच घातली आहे. नऊ महिने पुरे कर. मधेच पळून आलीस तर दारात उभी करणार नाही. रागव हवं तर, पण कारण न लिहिता कागदावर रागव, म्हणजे इथे कोणीतरी मोठ्याने वाचेल. आणि तुझा तो कान तुटलेला कप फळीवर पालथा ठेवला आहे. आत धूळ बसू नये म्हणून. रोज धुते. दुसरा काही अर्थ काढू नकोस.

तुझीच,
भांडणाची वाट बघणारी सासू