दिवसाला दीड अंश

ती. दादांना,

साष्टांग नमस्कार. (तो घालायला किती वाकावं लागतं, हे सध्या आमच्या घरात सगळ्यांना चांगलंच कळलंय, म्हणून तूर्त कागदावरच मान्य करून घ्या.) आम्ही सगळे ठीक. वहिनींचा खोकला गेला असेल आणि तुमच्या विद्यार्थ्यांना आकडे कळू लागले असतील, अशी आशा आहे. फोन न करता पत्र लिहितोय, कारण आमचा फोन बाबांच्या खुर्चीशेजारी आहे आणि विषयही बाबांचाच आहे.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर बाबा लेकीकडे, म्हणजे तुमच्या बहिणीकडे, आमच्या घरी राहायला आले, हे तुम्हाला माहीत आहेच. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं, की गुडघा रोज किती वाकतो ते मोजून ठेवा. पंख्यांच्या कारखान्यात तपासणी खात्यात जन्म काढलेला माझ्यासारखा माणूस असं ऐकल्यावर स्वस्थ बसतो होय? मी मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, बाबांना रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाय सोडून बसवू लागलो, आणि फ्रिजच्या दारावर आलेखाचा कागद चिकटवला. खाली दिवस, बाजूला अंश. थोडे ठिपके जमल्यावर रीतसर आकडेमोड करून त्यांतून सरळ रेघ काढली. रेघेचा चढ आला दीड. म्हणजे एकेक दिवस जाईल तसा गुडघा सरासरी दीड अंशाने जास्त वाकतो. (सांख्यिकीच्या प्राध्यापकाला हे सांगणं आगाऊपणाच, पण त्यातला ‘सरासरी’ हा शब्द आमच्या घरात कुणी कानावरच घेतला नाही.)

बाबा पडले छापखान्याचे फोरमन. दीड अंश म्हणजे रोजचं ठरलेलं काम, अशी त्यांनी समजूत करून घेतली. एका सकाळी गुडघा कालच्याइतकाच वाकला, तर माझ्याकडे असे बघू लागले, जणू दीड अंश मीच खिशात घातलाय. मी समजावलं, की ठिपके रेघेच्या वर-खाली असायचेच, आज कमी तर उद्या जास्त. त्यांनी त्यातलं ‘उद्या जास्त’ तेवढं उचललं आणि दुसऱ्या दिवशी मागची कसर भरून काढायला एकदम तीन अंशांवर तुटून पडले. गुडघ्याचा भोपळा झाला. बाईंनी झापलं ते मला, कारण बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. पुढचे काही दिवस रेघेचं नाव काढायची सोय राहिली नाही.

सूज उतरली, ठिपके पुन्हा वर निघाले, आणि परवाचा रविवार उजाडला. बाबा चहाचा कप घेऊन फ्रिजसमोर बराच वेळ उभे होते (काठी खुर्चीलाच टेकलेली). मग म्हणाले, “लेकीच्या घरी राहिलो, म्हणून रोज दीड अंश वाकतोय हो गुडघा.” दादा, तुम्ही त्यांच्या धाकात वाढलात. या माणसाने कधी कुणाला बरं म्हटल्याचं तुम्हाला तरी आठवतं का? तुमची बहीण भाजी चिरता चिरता थांबली. आणि मी तोंड उघडलं.

“तसं नाही म्हणता येणार, बाबा. दिवस जातात तसा गुडघा जास्त वाकतो, एवढंच रेघ सांगते. कशामुळे, ते नाही सांगत. तुम्ही कुठेही राहिला असतात, तरी एवढाच वाकला असता.”

“कुठेही?” बाबांनी विचारलं. मी म्हटलं, हो, कुठेही. त्यांनी स्वतःचा कप स्वतः विसळून ठेवला, जो त्यांनी उभ्या जन्मात विसळला नव्हता. संध्याकाळी बॅग भरलेली दिसली. कुठेही वाकणार असेल तर आपल्या घरी वाकेल, असं त्यांचं म्हणणं. आपलं घर म्हणजे चौथा मजला, लिफ्ट नाही, सोबतीला कुणी नाही, आणि जिन्याचा कठडा किती हलतो ते तुम्ही जाणताच. शनिवारी निघणार आहेत. व्यायाम बंद आहे. कोनमापक त्यांनी नातीला परत देऊन टाकला. तुमची बहीण माझ्याशी कामापुरतं बोलते. काल एवढंच म्हणाली, “एक दिवस चुकीचं ऐकून घेतलं असतंत, तर काय बिघडलं असतं?”

तेव्हा विनंती अशी, की चढाचा मी लावलेला अर्थ बरोबर होता, असं तुमच्या सहीने चार ओळींत लिहून पाठवा. मला ते तिला दाखवायचंय. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
(अजून तरी) तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. सहीचं राहू द्या. ती रेघेबद्दल बोलतच नव्हती, हे वरचं वाचून पाहताना माझ्या लक्षात आलं.

आणखी एक ता. क. खरं काम हे आहे. पत्र बाबांना लिहा. लिहा, की रेघ जिथल्या ठिपक्यांवरून काढली, तिथल्यापुरतीच बोलते. आमच्या फ्रिजवरचा एकूण एक ठिपका आमच्याच स्वयंपाकघरातला आहे, चौथ्या मजल्यावरचा एकही नाही. ‘कुठेही’ हे मी माझ्या पदरचं घातलं. जावयाला साधी रेघ वाचता येत नाही, असंही खुशाल लिहा, ते त्यांना लगेच पटेल. सकाळी ते टेबल रिकामं असतं, ते मला बघवत नाही. हे सगळं शास्त्राला धरून असेल तर उत्तमच. नसलं, तरी शनिवारच्या आत लिहा.